पाणी प्यायला गेलेला माणूस

मस्कतच्या हमरियात येऊन नॉरबर्ट तुस्कानो कुठे राहतो म्हणून विचारा, खालचा शिंपी आधी तुम्हालाच विचारेल, कोणता नॉरबर्ट, एसीवाला की देवमाणूस? दोन्ही एकच आहेत. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, डोक्यावर चार केस, मूळचा वसईचा. एका मेंटेनन्स कंपनीत एसी दुरुस्त करतो आणि जून महिन्यात कुणाचा एसी बंद पडला तर ड्यूटी संपल्यावर फुकटही करून देतो. कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाचे फॉर्म भरून द्यायचेत, कुणी इस्पितळात एकटं पडलंय, नॉरबर्ट हजर. त्याची बायको इव्हॉन एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळते. ती वैतागून म्हणते, या माणसाला नाही म्हणता येत नाही. आता गंमत बघा. माणूस वाईट वागला की लोक कारण शोधत बसतात, चांगला वागला तर कोणी शोधत नाही. नॉरबर्टचं त्यामुळे बावीस वर्षं निभावून गेलं.

शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, त्याचा ठरलेला. सकाळी मत्राहच्या बाजारातून सुरमई घ्यायची आणि डोंगरातला रस्ता चढून अल अमेरात गाठायचं. तिथे दुसऱ्या मजल्यावर प्रिसिला डाबरे राहते. ती एका क्लिनिकात नर्स आहे, लग्न केलेलं नाही. तिच्याजवळ तिची आई, आंजेलीनमावशी. मावशी चौऱ्याऐंशीची, गुडघे गेलेले, त्यात हृदयाचं दुखणं. नॉरबर्ट तिला हाताला धरून खाली आणतो, रुवीच्या चर्चमध्ये मिस्साला नेतो, परत आणून सोडतो आणि मग तिथेच जेवतो. सुरमईचा मधला तुकडा मावशी त्याच्या ताटात वाढते. प्रिसिलाने एकदा थट्टेत म्हटलं होतं, पोटची मुलगी मी आणि मधला तुकडा याला. मावशी म्हणाली, "वाढेन नाहीतर काय. मुलगे राहिलेत कुठे मला?"

मुलगे तिला दोन होते. धाकटा आंब्रोज सोहारला कारखान्यातल्या अपघातात गेला. थोरला फेबियन रोमला आहे, धडधाकट आहे, पण मावशीच्या लेखी तोही गेला, कारण आंब्रोज गेला तो फेबियनच्या हातून. फेबियन प्रिसिलाला फोन करतो. प्रिसिला बोलते आणि मग फोन आईपुढे धरते. मावशी तोंड फिरवते. कधी प्रिसिला आंघोळीला गेलेली असते आणि फोन मावशीच्या हाताशी वाजत राहतो. मावशी उचलत नाही, वाजून वाजून तो थांबतो. बावीस वर्षं हे असंच चाललंय. आणि कितीतरी शुक्रवारी हे सगळं होत असताना नॉरबर्ट समोर बसून मधला तुकडा खात होता.

झालं होतं ते असं. दोन हजार तीन साली फेबियन, आंब्रोज आणि नॉरबर्ट तिघेही सोहार औद्योगिक वसाहतीत सिमेंटचे ब्लॉक बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. एका गावचे, एका खोलीत राहणारे. कारखान्यात एक मिक्सर होता. मिक्सर म्हणजे घरातला नव्हे, विहिरीएवढा लोखंडी हौद आणि आत फिरणारे फाळ. दुपारच्या सुट्टीआधी एकाने आत उतरून छिन्नी-हातोड्याने फाळांना चिकटलेलं सिमेंट फोडून काढायचं. दुसऱ्याने हौदाच्या तोंडाशी उभं राहायचं. तिसरा वर केबिनमध्ये बटणांपाशी, आणि केबिनमधून हौदाचं तोंड दिसत नसे. आतला माणूस बाहेर आला की तोंडाशी उभा असलेला ओरडायचा, "खलास." म्हणजे सफाई झाली. मग वरचा बटण दाबून पाण्याने एक फेरा मारून घ्यायचा. नियम असा की मशीनची किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात हवी. पण आत भाऊ आणि वरही भाऊ, किल्ली कोण काढत बसतंय. ती मशीनलाच लटकत असायची.

त्या दिवशी आत आंब्रोज, वर फेबियन आणि तोंडाशी नॉरबर्ट होता. जेवणाची वेळ टळून गेली होती. आंब्रोज कामाचा चिवट, शेवटचा फाळ लख्ख केल्याशिवाय त्याला चैन पडेना. नॉरबर्टच्या पोटात कावळे ओरडत होते. तो हौदात वाकून ओरडला, "खलास रे, पुरे आता, बाहेर ये." बोलणं सगळं आंब्रोजशी होतं. वर केबिनमध्ये त्यातला पहिला शब्द तेवढा पोचला.

गल्फमध्ये राहिलेल्यांना हा शब्द सांगायला नको. काम झालं, खलास. कंटाळा आला, पुरे कर, खलास. भांडण मिटलं, खलास. दिवसातून पन्नासदा तो तोंडातून जातो आणि कोणत्या अर्थाने गेला याचा कोणी हिशोब ठेवत नाही. आपल्या मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, तो मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी चौकशी झाली. सुपरवायझर जमाल चांगला माणूस होता. त्याने नॉरबर्टला विचारलं, तू कुठे होतास? नॉरबर्टला इव्हॉन डोळ्यांसमोर दिसली, सातवा महिना चालू होता. तुरुंग दिसला, रद्द झालेला व्हिसा दिसला. त्याने कानांवर हात ठेवले. म्हणाला, "मी पाणी प्यायला गेलो होतो." एवढंच वाक्य. एकदा बोलल्यावर ते त्याला पोलिसांपुढे बोलावं लागलं, मग दूतावासातल्या माणसापुढे, आणि शवपेटी वसईला पोचवायला गेला तेव्हा आंजेलीनमावशीपुढेही. दर वेळी ते जरा जास्त सोपं जात होतं.

फेबियन मात्र सांगत राहिला की मी खलास ऐकलं. कुणाच्या तोंडून ऐकलंस? ते त्याला सांगता येईना. तिथे दुसरं कोणी नव्हतंच ना, नॉरबर्ट तर पाणी प्यायला गेला होता. मग सगळ्यांनी ठरवलं की घाईत याला भास झाला. त्याला काही आठवडे आत ठेवलं आणि अपघात म्हणून सोडून दिलं. नोकरी गेली, व्हिसा गेला. मावशीने त्याला फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "माझा आंब्रोज मारलास तू, आता मला आई म्हणू नकोस." तो वसईला गेलाच नाही. एजंटच्या हातापाया पडून इटलीला पोचला आणि रोमला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामाला लागला. नॉरबर्ट सोहार सोडून मस्कतला आला. पुढे प्रिसिलाला इथे नोकरी लागली, तिने आईला आणलं, आणि नॉरबर्टने सुरमई न्यायला सुरुवात केली.

फेबियनची आणि त्याची मैत्री तुटली नाही, हे सगळ्यांत वाईट. आई कशी आहे, चालते का, चिडते का, सगळं फेबियन त्यालाच विचारायचा. नॉरबर्ट मावशीचे फोटो चोरून काढून पाठवायचा. फेबियन लिहायचा, तू आहेस म्हणून मला आईचं तोंड तरी दिसतं. नॉरबर्ट त्याखाली हात जोडलेले चिन्ह टाकायचा.

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात नॉरबर्टने रुवीच्या एका पाद्रीबाबांना कबुलीजबाबात सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, देव माफ करेल, पण ज्याचं घेतलंस त्याचं त्याला परत दे. तोपर्यंत माझ्याकडे येऊन काय उपयोग. त्याच महिन्यात मावशीचं हृदय बिघडलं आणि डॉक्टरांनी प्रिसिलाला बाजूला घेऊन सांगितलं की फार लांबचं धरून चालू नका. प्रिसिलाने ते रोमला कळवलं. फेबियनने नॉरबर्टला लिहिलं, "एकदा तिने माझ्याशी बोलावं, मग काय व्हायचं ते होऊ दे." पवित्र वर्ष म्हणून चर्चमधून एकतीस जणांची तुकडी ऑक्टोबरात रोमला निघाली होती. नॉरबर्टने नाव घातलं. इव्हॉनला सुट्टी मिळाली नाही. तिला वाटलं, नवरा पुण्य कमवायला चाललाय.

फेबियन हॉटेलच्या दारातच उभा होता. साठीचा, वाळलेला, कोट दुसऱ्या कुणाचा तरी असावा इतका ढगळ. दोघांनी मिठी मारली. फेबियन म्हणाला, "जाड झालास." नॉरबर्ट म्हणाला, "तू रे? जेवतोस की नाही?" फेबियनने त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणालास?" नॉरबर्टने परत विचारलं. त्याला वाटलं, याला कमी ऐकू येतंय, वय झालं.

चार दिवस सकाळी तुकडीबरोबर आणि दुपारनंतर फेबियनबरोबर, असं त्याने रोम बघितलं. फेबियनने हे शहर एका म्हाताऱ्याची व्हीलचेअर नऊ वर्षं ढकलत पाहिलेलं. त्यामुळे त्याला राजांची नावं येत नव्हती, पण कुठल्या गल्लीत दगड उखडलेत, कुठल्या चर्चला उतार आहे आणि कुठल्या बाकावर तीन वाजता सावली येते हे पाठ होतं. कोलोसियमपाशी तो म्हणाला, "इथे माणसं मरताना बघायला लोक जमायचे. त्या बाजूने चल, इकडे चाक अडकतं." आता चाक कुठे होतं, पण तो त्याच बाजूने चालला. छताला भोक असलेल्या त्या जुन्या गोल देवळात त्याने सांगितलं की म्हाताऱ्याला पाऊस असला की इथेच यायचं असे, भोकाखाली छत्री धरून बसायचं. मोठ्या कारंज्यापाशी बायकापोरं पाण्याकडे पाठ करून नाणी टाकत होती. नॉरबर्टने विचारलं, हे कशासाठी?

"परत यायला मिळावं म्हणून," फेबियन म्हणाला. "घरी परत जायला मिळावं म्हणून कुठे टाकतात, ते मी शोधतोय."

नॉरबर्टने खिशातलं नाणं खिशातच ठेवलं. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण भोवती गर्दी होती आणि गर्दी नसती तर दुसरं काहीतरी असतं. पहिल्या दिवशी प्रवासाचा थकवा होता. दुसऱ्या दिवशी फेबियनने त्याला घरी नेऊन कालवण करून घातलं, अन्न तोंडात असताना कसं सांगायचं. तिसऱ्या दिवशी तुकडी सेंट पीटर्सच्या, फक्त पवित्र वर्षात उघडणाऱ्या पवित्र दारातून आत गेली; त्यातून गेलं की पापं माफ होतात अशी श्रद्धा. पुढचे लोक दाराच्या चौकटीला हात लावून क्रुसाची खूण करत होते. नॉरबर्ट खिशात हात घालून आत गेला. मागची बाई म्हणाली, अहो अंकल, हात तर लावा. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली होती. बसमध्ये उतरायचं असलं की दांडीवरचं लाल बटण दाबायचं असतं, नाहीतर ड्रायव्हर थांबवत नाही. फेबियन ते दाबत नसे. आपला स्टॉप आला की तो उभा राहायचा, दुसरा कोणीतरी दाबेल म्हणून वाट बघायचा. कोणी दाबलं तर उतरायचे. नाही दाबलं तर स्टॉप मागे पडायचा आणि पुढच्या स्टॉपवरून उलटं चालत यायचं. पहिल्या दोन वेळा नॉरबर्टला वाटलं, गप्पांच्या नादात विसरला. हॉटेलची लिफ्ट आली तेव्हा फेबियन म्हणाला, "तू दाब." त्याच्या स्वतःच्या इमारतीत त्याची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि तो जिन्याने जात होता.

चौथ्या दिवशी शहराबाहेरचं संत पॉलचं मोठं चर्च बघून दोघे परत येत होते. बस जवळजवळ रिकामी. स्टॉप आला, फेबियन उभा राहिला, कोणी बटण दाबलं नाही. स्टॉप गेला. पुढचाही गेला. नॉरबर्टने हात लांब करून बटण दाबलं आणि दोघे नदीकाठच्या एका ओसाड स्टॉपवर उतरले. वारा बोचरा होता. फेबियन बाकावर बसला.

"तुला राग येत असेल," तो म्हणाला. "चार दिवस पायपीट करवतोय. माझा हातच जात नाही बटणाकडे. घरातल्या दिव्याचं चालतं. पण दाबल्यावर काही हलणार असेल तर नाही जमत. म्हाताऱ्याचा पलंग बटणावर वरखाली व्हायचा, तो मी त्याच्या मुलीला करायला लावायचो. ती समजायची मी आळशी आहे."

नॉरबर्ट उभाच होता.

"आणि कान," फेबियन पुढे बोलू लागला. "तुला वाटलं असेल बहिरा झालोय. दोनदा तपासून घेतले, डॉक्टर म्हणतात उत्तम आहेत. पण मला भरवसा नाही. त्या दिवशी मी खलास ऐकलं होतं, नॉरबर्ट. आजसुद्धा ऐकू येतं. पण बोलायला तिथे होतंच कोण? तू पाणी प्यायला गेला होतास. म्हणजे माझ्या कानांनीच मला फसवलं. तेव्हापासून मी कुणाचंही दोनदा ऐकतो."

नॉरबर्ट बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि समोर नदीकडे बघत म्हणाला, "मी बोललो होतो."

"काय म्हणालास?"

माणसाला असली गोष्ट आयुष्यात एकदा सांगताना जीव जातो. नॉरबर्टला ती दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा त्याने सगळं सांगितलं. मी पाणी प्यायला गेलो नव्हतो. मी तोंडाशीच होतो. आंब्रोज आवरत नव्हता, मला भूक लागली होती, मी त्याला खलास म्हणालो. म्हणजे पुरे, बाहेर ये. तुला नव्हतो म्हणालो.

फेबियन ओरडला नाही. त्याने हात उचलला नाही. उचलला असता तर नॉरबर्टला बरंच वाटलं असतं. एक बस आली, थांबली, गेली. मग फेबियन हळूच म्हणाला, "म्हणजे माझे कान बरोबर होते."

"हो."

"बावीस वर्षं, नॉरबर्ट."

"हो."

"आणि तू मला आईचे फोटो पाठवत होतास."

नॉरबर्ट रडायला लागला, नाकातोंडातून पाणी, वाटेने जाणारा एक सायकलवाला वळून बघत गेला. फेबियनने त्याला गप्प केलं नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "आईला सांग. मला सांगून अर्धंच काम झालं. तिच्या तोंडावर सांग, फोनवर नको. ती जायच्या आत."

"इन्शाल्ला," नॉरबर्ट म्हणाला.

फेबियनने त्याच्याकडे मान वळवली. "ते नको. मनापासून म्हणणाऱ्याच्या तोंडी तो देवाचा शब्द आहे. तू आणि मी तो कशासाठी वापरायचो ते मला माहीत आहे, बारा वर्षं मीही काढली ओमानमध्ये. नाही म्हणायचं धैर्य नसलं की आपण इन्शाल्ला म्हणायचो. मला वार सांग."

"शुक्रवारी."

"मिस्सा झाल्यावर तुम्ही घरी कधी पोचता?"

"साडेबारा. एक धर."

"मी दोन वाजता फोन करतो. तुमच्या दोनला." एवढं बोलून तो उठला. उलट दिशेची बस आल्यावर त्याने नॉरबर्टला आत चढवलं, दुसऱ्या स्टॉपला उतर, डाव्या हाताला हॉटेल, असं नीट समजावलं. स्वतः चढला नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावरही आला नाही.

मस्कतला उतरल्यावर नॉरबर्टकडे मधले तीन दिवस होते. तीन दिवसांत त्याने सहा एसी दुरुस्त केले आणि एकाचं कनेक्शन उलटं जोडलं, असं त्याच्याकडून कधी झालं नव्हतं. गुरुवारी त्याने इव्हॉनला सांगितलं. इव्हॉनने ऐकून घेतलं. तिने फक्त विचारलं, "माझ्या पोटात बाळ होतं म्हणून?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "मग मला का नाही विचारलंस? मी म्हटलं असतं, खरं सांग." ती त्या रात्री मुलीच्या खोलीत झोपली.

शुक्रवारी तो बाजारात गेला नाही. मावशीला त्याने चर्चला नेलं, आणलं, जिन्यात धरून वर चढवलं. घरात आल्यावर मावशीने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"बाजार बंद होता का रे?"

"नाही, मावशी. मला तुझ्याशी बोलायचंय. प्रिसिला, तूही बस."

प्रिसिला ओले हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं, याला काही आजार निघालाय की काय. मावशी खुर्चीत टेकली. तिने रोमची चौकशी सुरू केली, दार कसं आहे, माझ्यासाठी हात लावलास ना. नॉरबर्ट जमिनीवर तिच्या पायाशी बसला आणि बोलला. या वेळी त्याने आडवळण घेतलं नाही. मी तिथे होतो. तो शब्द माझा होता. फेबियनने खरंच ऐकला होता. मी घाबरलो आणि खोटं बोललो.

प्रिसिलाच्या तोंडातून एक बारीकसा आवाज आला. मावशीच्या मांडीवर जपमाळ होती, ती तिने बाजूला ठेवली.

"पेटी घेऊन आलास त्या दिवशी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "माझं लेकरू जाताना काही बोललं का? तू म्हणालास, मी नव्हतो तिथे."

"हो."

"मग आता सांग. बोलला होता?"

नॉरबर्टला वाटलं होतं, ती शिव्या देईल. हा प्रश्न येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने डोळे मिटले. "मी बाहेर ये म्हणालो. तो म्हणाला, आलो."

"आलो म्हणाला?"

"हो, मावशी."

मावशीने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हटला. मग तिने नॉरबर्टकडे पाहिलं, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या घरात बसू नकोस. माझ्या मुलाच्या जागेवर बसून तू जेवलास. मी वाढलं तुला."

नॉरबर्ट उठला. दाराशी जाऊन तो वाकून बूट घालू लागला. तेवढ्यात टेबलावर प्रिसिलाचा फोन वाजला. घड्याळात दोन वाजले होते.

प्रिसिलाने झडप घालून वाजता फोन तसाच आईपुढे धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आई, फेबियन आहे. आई, आता तरी घे."

मावशीचा हात पुढे झाला. नॉरबर्टने पाहिलं, अर्ध्यापर्यंत आला. मग तो तिथेच थांबला आणि परत पदराकडे गेला. तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

"नको."

"अगं, त्याची काही चूक नव्हती."

"म्हणूनच नको," पदराआडून मावशी म्हणाली. "मी त्याला म्हटलं, मला आई म्हणू नकोस. लेकाने बावीस वर्षं ऐकलं माझं. आता मी कुठल्या तोंडाने बोलू त्याच्याशी? काय म्हणू? नको, प्रिसिला. बंद कर ते."

प्रिसिलाला बंद करवेना, घ्यायलाही तिचा जीव धजेना. आईआधी आपण काय सांगायचं, हेच तिला कळेना. फोन हातात धरून ती उभी राहिली आणि फोन वाजत राहिला. नॉरबर्ट अर्धा बूट घातलेला, दाराच्या चौकटीला धरून ऐकत होता. आजवर मावशीने रागाने फोन घेतला नव्हता, आज तिने लाजेने घेतला नाही. रोममध्ये कानाला फोन लावून बसलेल्या फेबियनला त्यातला फरक कळायची काही सोय नव्हती. त्याला आजही फक्त वाजताना ऐकू आलं, आणि मग ते थांबलं.